कोचला विचारावे की काकांना?

आपल्या पिढीला 'कोच' हा शब्द पहिल्यांदा रेल्वेत भेटला. आपल्यातली कितीतरी घरे परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपवर चालली, आणि तिथे कोच म्हणजे डबा. तो दुरुस्त करायचा, रंगवायचा आणि पुन्हा रुळावर सोडायचा. पुढे मुलांच्या मॅट्रिकच्या वेळी 'कोचिंग क्लास' आला. तिथले मास्तर फळ्यावर गणित सोडवून दाखवत आणि मुले ते वहीत उतरवून घेत. आता साठी-सत्तरीत तिसरा कोच आपल्या दाराशी आला आहे. लाइफ कोच, करिअर कोच, रिटायरमेंट कोच अशी त्याची नावे. हा गणित सोडवून देत नाही. "तुम्हाला स्वतःला याचे उत्तर काय वाटते?" असे आपल्यालाच विचारतो आणि तासाचे पैसे घेतो.

शब्दाचा इतिहास गमतीचा आहे. हंगेरीत कोच नावाचे एक खेडे आहे. तिथल्या घोडागाड्या एके काळी इतक्या नावाजल्या की युरोपभर गाडीलाच गावाचे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तराला थट्टेने 'कोच' म्हणू लागले. म्हणजे मूळ अर्थ, बसवून पैलतीरी नेणारा. आजचा कोच म्हणतो, गाडी तुम्हीच हाका, मी शेजारी बसतो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले. नोकरी सुटली, निवृत्ती आली, घर सोडून मुलांच्या देशात जावे लागले, जोडीदार गेला, की माणसाची झोप, भूक, साखर आणि रक्तदाब चारही एकदम बिघडतात हे मी वॉर्डात पाहिले आहे. येल विद्यापीठातले विल्यम गॅलो आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या नोकरदारांवर त्यांनी दहा वर्षे लक्ष ठेवले होते. ज्यांची नोकरी त्यांच्या मर्जीविरुद्ध गेली, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका नोकरीत राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. तेव्हा अशा वेळी माणूस कोणाकडे जातो, काकांकडे, कोचकडे की डॉक्टरकडे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

मी राहते ते शॉमबर्ग हे शिकागोच्या वायव्येचे उपनगर. १९५६ साली गाव म्हणून नोंद झाली तेव्हा इथे १३० माणसे होती, आणि १९६० च्या जनगणनेत हजारालाही थोडी कमीच. मग ओ'हेर विमानतळ आणि हमरस्ते जवळ असल्याने शेते गेली, १९७१ मध्ये वुडफिल्ड मॉल उघडला, १९७६ मध्ये मोटोरोला कंपनीने आपले मुख्यालय इथे आणले. २०२० च्या जनगणनेत वस्ती ७८ हजारांवर होती. त्यात आपल्याकडची माणसे भरपूर. मोटोरोलाच्या आवारात दुपारी जेवणाच्या सुट्टीत मराठी कानावर पडणे नवलाचे नव्हते. सहस्रकाच्या सुरुवातीला जगभर सुमारे दीड लाख माणसे त्या कंपनीत होती. २००१ पासून हजारोंनी कमी होऊ लागली. २०११ च्या जानेवारीत कंपनीचे दोन तुकडे झाले, एक तुकडा पुढच्या वर्षी गूगलने घेतला, आणि उरलेल्या तुकड्याने २०१६ मध्ये आपले मुख्यालय शिकागो शहरात हलवले. त्या जुन्या आवाराच्या एका भागावर आज झुरिक विमा कंपनीची चकचकीत इमारत उभी आहे. शेजारच्या हॉफमन इस्टेट्समध्ये सीअर्सचे मुख्यालय होते. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झालेला ज्यांनी पाहिला त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की गिरणी कामगार हजारोंनी एकत्र रस्त्यावर होते आणि एकमेकांना पाहत होते. इथे ज्याची नोकरी जाते तो आपल्या बेसमेंटमध्ये एकटा लॅपटॉपसमोर बसतो.

अशा एका घराची हकीकत सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. मुलगा सत्तावन्न वर्षांचा इंजिनिअर, वीस-बावीस वर्षे एकाच कंपनीत. वडील ब्याऐंशीचे, रेल्वेतून निवृत्त, ठाण्याहून मुलाकडे राहायला आलेले. एका मंगळवारी सकाळी मुलाला कामावरून कमी केले. त्याच्या हाती एक जाड लिफाफा आला. पुढच्या आठवड्यात त्याने एक करिअर कोच ठरवली.

वडील मला म्हणाले, "सिस्टर, त्या बाईला हा तासाला अडीचशे डॉलर देतो. ती त्याला विचारते, तुझ्या मनात काय आहे? हे मी फुकट विचारले असते."

मी म्हटले, "मग विचारलेत का?"

आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "मी त्याला सांगितले, मिळेल ती नोकरी धर."

मुलगा त्यावर म्हणाला होता, "बाबा, तुमच्या वेळी धरलेली नोकरी सुटत नव्हती. आता धरायला हात घालावा तर ती असतच नाही."

दोघांचेही खरे होते. आजोबांचा सल्ला एका काळात सोन्यासारखा होता. आपल्या समाजात मार्गदर्शन म्हणजे बहुधा एक चिठ्ठीच असे. मामा वर्कशॉपमध्ये, काका पोस्टात, आत्याचे यजमान कस्टममध्ये. त्यांनी साहेबाला सांगायचे, मुलाने दुसऱ्या दिवशी टोपी नीट घालून हजर व्हायचे. कोकणातला शनवार तेली मुंबईला येऊन सुतार, गवंडी, पलटणीतला शिपाई, दवाखान्यातला मदतनीस आणि कारकून झाला तो अशाच आधी गेलेल्यांच्या बोटाला धरून. हायेम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली इस्राएलाइट स्कूल काढले तेही त्याच जाणिवेतून, की वाट दाखवायची तर आधी अक्षर हवे. पुढे ओआरटीने मुंबईत आपल्या मुलामुलींच्या हाती हत्यारे आणि कसब दिले. यातल्या कोणीही कोणाला "तुझ्या अंतर्मनाला काय वाटते" असे विचारले नाही, आणि त्याची उणीव फारशी भासली नाही, कारण वाटा थोड्या होत्या आणि आधी गेलेल्याला त्या ठाऊक होत्या.

पण त्या पद्धतीचे एक दुखणे होते, तेही आपल्याला माहीत आहे. सांगणारा ऐकत नसे. १९५१-५२ मध्ये बीरशेबा आणि आसपास पोचलेल्या आपल्या काही कुटुंबांनी तेल अवीवला ज्यूईश एजन्सीच्या दारात ठाण मांडले आणि आम्हाला भारतात परत पाठवा असे म्हटले. कारणे बरीच होती, भेदभावाची तक्रार त्यात मुख्य. त्यांना कोठे राहायचे, काय काम करायचे हे सांगणारे अधिकारी पुष्कळ होते. तुम्ही कोण, काय करत होता, तुम्हाला काय हवे, हे विचारणारा त्यांना भेटला नाही. काही जण परत गेलेही, आणि त्यातले बरेचसे पुढे पुन्हा इस्राएलला आले. त्या पिढीतले कोणी वाचकांपैकी असतील तर त्यांनी आठवणी जरूर लिहून पाठवाव्यात.

तर एका बाजूला न ऐकता सांगणारा आणि दुसऱ्या बाजूला न सांगता ऐकणारा. या दोघांत निवड करायची वेळ आली तर माझा कौल कोणाला? मी म्हणेन, आधी प्रश्न कोणता आहे ते पाहा.

त्या इंजिनिअरच्या टेबलावर लिफाफा अकरा दिवस पडून होता. आत कंपनीचा करार होता. काही महिन्यांचा पगार घ्या आणि आमच्याविरुद्ध कोणताही दावा करणार नाही असे लिहून द्या, असा त्याचा अर्थ. वडील म्हणत होते, सही करून पैसे घे. कोच म्हणत होती, तुझे मन तयार होईल तेव्हा सही कर. अमेरिकेचा १९९० चा कायदा काय म्हणतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडून देण्याची सही घ्यायची असेल तर त्याला विचार करायला किमान २१ दिवस द्यावे लागतात. अनेकांना एकत्र कमी केले असेल तर ४५ दिवस, आणि मग कोणत्या पदांच्या, किती वयाच्या माणसांना काढले आणि कोणाला ठेवले त्याची यादीही द्यावी लागते. सही केल्यावरही ७ दिवसांच्या आत ती मागे घेता येते. वकिलाला दाखवा, असे कंपनीने लेखी सांगणेही कायद्याने बंधनकारक आहे. ते त्या करारातच, चौथ्या पानावर छापलेले होते. वाचले कोणी नव्हते.

हा मार्गदर्शनाचा प्रश्न होता, कोचिंगचा नव्हे. उत्तर माणसाच्या आत नव्हते, कायद्याच्या पुस्तकात होते. वकिलाने एका बैठकीत ते सांगितले.

असे प्रश्न आपल्या घरांत पुष्कळ येतात. पासष्टी ओलांडलेल्या माणसाची किंवा त्याच्या जोडीदाराची नोकरी सुटली, तर मेडिकेअरच्या भाग बी साठी ८ महिन्यांत नाव घालावे लागते. 'कोब्रा' म्हणून जुना विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवला म्हणजे मुदत वाढली, असे बरेच जण समजतात. तसे नाही. उशीर झाला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यात १० टक्के वाढ, आणि ती जन्मभर. नुकतेच ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना पैसे भरून मेडिकेअर घ्यायचे झाले तरी आधी सलग पाच वर्षे इथे काढावी लागतात. आणि नातू एच-वन व्हिसावर असेल तर नोकरी गेल्यावर त्याच्यापाशी जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्याला "घाई नको, आधी आयुष्याचे ध्येय शोध" असे सांगणारा कोच कितीही गोड बोलला तरी तो त्याचे नुकसान करतो आहे. अशा गोष्टींसाठी इलिनॉयमध्ये सिनिअर हेल्थ इन्शुरन्स प्रोग्राम आहे. प्रशिक्षित माणूस समोर बसून मेडिकेअर समजावतो आणि एक पैसा घेत नाही. सरकारी जॉब सेंटरे आहेत. अनेक शहरांत ज्यूईश व्होकेशनल सर्व्हिससारख्या जुन्या संस्था आहेत. रोझेल रोडवरचे आमचे टाउनशिप वाचनालय आहे, जिथे ग्रंथपाल बाई योग्य कागद काढून हातात ठेवतात. फुकट मिळते म्हणून या मदतीला लोक कमी समजतात. मला तर उलटे वाटते. जिथे विकायचे काही नाही तिथला सल्ला आधी घ्यावा.

मार्गदर्शनाचे शास्त्रही आजचे नाही. १९०८ साली बोस्टनला, परदेशातून आलेल्या गरिबांच्या वस्तीत, फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी व्यवसाय निवडण्यासाठी सल्ला देणारी कचेरी काढली. त्यांची रीत साधी. स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोहोंची सांगड घाला. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले. दुसरा मोठा माणूस आमच्या शिकागोचा. कार्ल रॉजर्स, जन्म १९०२, ओक पार्क. १९४५ पासून बारा वर्षे ते शिकागो विद्यापीठात होते आणि तिथे त्यांनी समुपदेशन केंद्र उभारले. समोरच्याला दोष न देता, मधे न तोडता, पूर्ण ऐकून घ्यावे, म्हणजे त्याला आपली वाट दिसू लागते, असे ते म्हणत. आजच्या कोचिंगची निम्मी पुंजी रॉजर्स यांच्याकडून उसनी घेतलेली आहे. उरलेली निम्मी खेळाच्या मैदानावरून आली. टिमथी गॅलवे यांचे टेनिसवरचे पुस्तक १९७४ मध्ये निघाले आणि खेळाडूच्या मनातला अडथळा दूर करण्याची कल्पना तिथून कचेऱ्यांत शिरली. १९९५ मध्ये कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा. समुपदेशक म्हणून काम करायला इलिनॉय राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम आणि परीक्षा. परवाना खरा की खोटा हे राज्याच्या नोंदीत कोणालाही पाहता येते. कोचला अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात परवाना लागत नाही. माझे केस कापणाऱ्याला लागतो, कोचला नाही! वर सांगितलेली संघटना प्रमाणपत्रे देते आणि ती काही फुकट मिळत नाहीत. पहिल्या पायरीला किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव, वरच्या पायऱ्यांना त्याहून पुष्कळ. पण प्रमाणपत्राशिवाय पाटी लावली तर अडवणारा कोणी नाही. मेडिकेअर मानसोपचाराचे पैसे देते, आणि १ जानेवारी २०२४ पासून परवानाधारक समुपदेशकांचेही देते. लाइफ कोचचे देत नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते, इस्राएलमध्ये मानसशास्त्रज्ञांची आरोग्य मंत्रालयाकडे. विचारायला लाजू नये.

परवाना नाही म्हणून सगळे कोच भोंदू, असे मी मुळीच म्हणत नाही. पण मोकळ्या रानात लांडगेही शिरतात. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'मोबी' नावाच्या धंद्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. घरबसल्या इंटरनेटवर व्यवसाय करा, आमचे कोच एकवीस पायऱ्यांनी शिकवतील, असे सांगून लोकांकडून एकामागून एक मोठ्या रकमा घेतल्या जात होत्या. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे साडेबारा कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसा असा गेला, आणि जाळ्यात ओढण्यासाठी निवडलेल्यांत वयस्क माणसे होती, माजी सैनिक होते. निवृत्तीनंतर हाताशी आलेली रक्कम आणि मोकळा वेळ, या दोहोंचा वास काही लोकांना लांबून येतो. म्हणून माझे स्पष्ट मत: पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा फोर-ओ-वन-के यातला पैसा काढून कोचला द्यायचा नाही. महिन्याच्या खर्चातून जमत असेल तर द्यावा. वर्षभराचे आगाऊ मागितले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

आता कोचच्या बाजूनेही बोलते, कारण त्या घरात त्या बाईंनी एक काम खरोखर चांगले केले. लिफाफ्याची भानगड मिटल्यावर, चौथ्या का पाचव्या बैठकीत, त्यांनी त्या गृहस्थांना विचारले, "पुढच्या वर्षी सोमवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असावे असे तुम्हाला वाटते?" पगार नाही, हुद्दा नाही, फक्त सोमवारचे दहा. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कोणाला तरी काही शिकवत असेन." हे त्याने बायकोला सांगितले नव्हते, वडिलांना तर नाहीच. वडिलांना सांगता येत नाही, कारण वडिलांच्या चेहऱ्यावर लगेच काळजी दिसते आणि मग मुलगा आपले म्हणणे सोडून वडिलांची समजूत घालू लागतो. परक्या माणसाचा हा फायदा असतो. त्याला आपली काळजी नसते, म्हणून त्याच्यासमोर विचार मोकळा फिरतो. आता तो एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग घेतो आणि दिवसा लहानशा कंपनीत निम्म्या वेळचे काम करतो. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. आजोबा अजून म्हणतात, पूर्ण वेळची धरायला हवी होती.

म्हणजे माहिती हाती आली, देणीघेणी कळली, तब्येत ठिकाणावर आहे, आणि तरीही दोन-तीन वाटांपैकी कोणती धरावी ते ठरत नाही, किंवा ठरले आहे पण पाऊल उचलत नाही, तिथे कोच उपयोगी पडतो. त्याआधी नाही.

तब्येत ठिकाणावर, हे मी मुद्दाम म्हटले. तो इंजिनिअर त्या पहिल्या महिन्यात पहाटे तीनला जागा होई, डोके दुखे, आणि विम्याचे काय होणार या गोंधळात त्याने रक्तदाबाची गोळी परस्पर अर्धी केली होती. हे कोणाच्या लक्षात आले? त्याच्या बायकोच्या, डबी वेळेवर रिकामी होत नाही म्हणून. कोचला ते दिसण्याचे कारणच नव्हते. तिची बैठक संगणकाच्या पडद्यावर होई. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच रस नाही, वारंवार विसरायला होते, अंग दुखते पण तपासणीत काही निघत नाही, अशी लक्षणे असली तर ती प्रेरणेची कमतरता नव्हे. ते नैराश्य असू शकते, थायरॉइड असू शकते, औषधाचा परिणाम असू शकतो. म्हाताऱ्या माणसात नैराश्य रडण्याच्या रूपात कमी आणि दुखण्याच्या रूपात जास्त येते. तिथे डॉक्टरच. चांगला कोच स्वतःच सांगतो की हे माझे काम नाही. सांगत नसेल तर तो चांगला नाही.

आतापर्यंत मुलांविषयी बोलले, पण बदल आपल्याही वाट्याला येतात, आणि ते कोणी मोजत नाही. १९६७ साली होम्स आणि राही या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ताणांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, नोकरीवरून काढणे ४७, निवृत्ती ४५, घर बदलणे फक्त २०. या शेवटच्या आकड्यावर मला नेहमी हसू येते. अमेरिकेतल्या तरुण माणसाने एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सामान हलवले तर २० ठीक. पण पंचाहत्तराव्या वर्षी ठाण्याची खोली विकून, भाजीवाली, दळणाची गिरणी, शनिवारची सिनेगॉग आणि मलिद्याला जमणारे शेजारपाजार सोडून शॉमबर्गला यायचे, जिथे मोटार चालवता येत नसेल तर दूध आणायलाही मुलाची वाट पाहावी लागते आणि जानेवारीत दार उघडले की नाक गोठते, त्याला २० गुण? लोद किंवा अश्दोदला नातवंडांकडे गेलेल्यांना थंडी नसेल, पण नातवंडांची हिब्रू असते.

अशा आजी-आजोबांना मुले हौसेने 'रिटायरमेंट कोच' लावून देतात, हे मी अलीकडे पाहते. हेतू चांगला असतो. पण पंचाहत्तरीच्या बाईला इंग्रजीतून "तुमची पाच वर्षांची उद्दिष्टे काय?" असे विचारले तर ती काय सांगणार? तिला हवी असते आठवड्यातून दोनदा मराठीत बोलायला कोणीतरी, वुडफिल्ड मॉलमध्ये बर्फाच्या दिवसांत चालायला सोबत, आणि घरात एक असे काम जे तिच्यावाचून अडेल. त्यासाठी कोच कशाला? ज्या बाई तिच्या आधी दहा वर्षे इथे आल्या त्यांना फोन करावा. त्यांना बसचा मार्ग, बांगडा कोठे मिळतो, कोणता डॉक्टर सावकाश बोलतो, सगळे ठाऊक असते. हीच आपली जुनी चिठ्ठी.

आणि आपण स्वतः मार्गदर्शक होतो तेव्हा? पूर्वी जमातीत मुकादम असे, त्याच्याकडे लग्नापासून भांडणापर्यंत सगळे जाई, आणि त्याने सांगितले की संपले. आता घरातल्या ब्याऐंशीच्या माणसाला मुकादमी उरलेली नाही, पण सवय राहिली आहे. मला अशा वेळी इथ्रोची गोष्ट आठवते. मोशेचा सासरा रानात जावयाला भेटायला येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्याय करतो, हे तो दिवसभर बसून पाहतो. मग आधी विचारतो, हे तू काय करतो आहेस, एकटा का बसतोस? मोशे आपली बाजू सांगतो, ती ऐकून घेतो. मग स्पष्ट सांगतो की हे बरे नाही, तू थकून जाशील, आणि काम वाटून कसे द्यावे तेही सांगतो. पाहिले, विचारले, ऐकले, मग सांगितले. आणि त्यानंतर तो आपल्या देशी निघून गेला, हे मला सर्वांत आवडते. जावयाने सांगितल्याप्रमाणे केले की नाही ते पाहायला तिथे बसून राहिला नाही. आपल्यापैकी ज्यांना मुलाच्याच घरी राहायचे आहे त्यांना निघून जाता येत नाही. त्यांनी निदान जेवताना तोच विषय पुन्हा काढू नये.

कोच ठरवायचाच झाला, स्वतःसाठी किंवा मुलासाठी, तर बहुतेक जण पहिली भेट फुकट देतात. तेव्हा विचारून घ्यावे: शिक्षण कोठे झाले, प्रमाणपत्र कोणाचे, माझ्या वयाच्या किती माणसांबरोबर काम केले, मराठी किंवा हिंदी कळते का, किती बैठकींत थांबायचे, मधेच सोडले तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि माझी तब्येत बिघडलेली दिसली तर तुम्ही काय कराल. उत्तरे लेखी घ्यावीत. शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला तर दुसरा पाहावा.

आणि रात्री मन फारच खाली गेले, जगणे नकोसे वाटू लागले, तर सकाळची, डॉक्टरची किंवा मुलाची वाट पाहू नये. अमेरिकेत ९८८, भारतात टेलिमानस १४४१६ (इथे मराठीतही बोलता येते), इस्राएलमध्ये एरान १२०१. तिन्ही फोन रात्रंदिवस सुरू असतात. हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून गोळ्यांच्या डबीजवळ ठेवावेत.